डोळे घट्ट मिटायचे नसतात

प्रति,
घरातली दुखणी लहान मुलाच्या नजरेतून दाखवणारे लघुपट करणारे सर्व दिग्दर्शक,
आणि ते निवडणारे, त्यांना बक्षिसं देणारे महोत्सवांचे संयोजक व परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सिनेमातलं मला फार कळतं असं नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका लघुपट महोत्सवाच्या मंडळींना प्राथमिक निवडीसाठी 'एखादा शिक्षक' हवा होता. विषयच 'घर आणि मूल' असा ठेवलेला, त्यामुळे त्यांनी मला गाठलं आणि मीही हौसेने हो म्हटलं. रात्री स्वयंपाक-भांडी उरकली की लेकाच्या लॅपटॉपवर चार-पाच लिंका उघडायच्या, पासवर्ड टाकायचा, फिल्म बघायची आणि कागदावर दहापैकी गुण लिहायचे. वह्या तपासून तपासून हाताला सवय आहेच.

तिसऱ्या-चौथ्या रात्री लक्षात आलं की मी एकच निबंध पुन्हा पुन्हा तपासतेय. वर्गात एकाने गाइडमधून उतरवलेलं असतं आणि बाकी पोरांनी त्याच्या वहीतून, तसं. दारुडा बाप. कोपऱ्यात मुसमुसणारी आई. दाराच्या फटीतून बघणारा एक मोठा डोळा, पडदाभर. मागे बासरी. मग पोराने रंगपेटी काढायची, घराचं चित्र काढायचं आणि त्यात बाबांना काळा रंग द्यायचा. (चाळीस पोरांचा चित्रकलेचा तास मी वर्षानुवर्षं घेतलाय. बापाला काळा रंग दिलेला मी पाहिलेला नाही. काळा खडू केसांसाठी आणि गाडीच्या टायरसाठी लागतो, आणि तो सगळ्यात आधी संपतो.) शेवटी एक तर पतंग सुटतो, नाही तर कागदाची होडी गटारात वाहत जाते. काही फिल्ममध्ये पोरगंच मरतं. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात: दारू सोडा, संसार जोडा.

मी गुण दिले, कागद पाठवले, प्रवासखर्चही घेतला. पण तेव्हापासून काहीतरी सलत राहिलं होतं, म्हणून हे पत्र. पत्र रागाचं नाही. तुमच्यातली बरीच पोरं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची आहेत. फोनवर शूटिंग करता, मित्राच्या खोलीत एडिटिंग करता, पदरचे पैसे घालता. त्या धडपडीचं कौतुकच आहे. माझं भांडण एका गोष्टीशी आहे. तुम्ही मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करता. त्याने सगळं पाहायचं आणि शेवटी तुमच्या वतीने मोठ्यांना चार शब्द सुनवायचे. अशा घरातलं मूल साक्षीदार नसतं हो. ते राखणीला बसलेलं असतं.

हे मला ठाऊक आहे, कारण मी बसलेली आहे.

माझे वडील सोलापुरात गिरणीत होते आणि आई घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. वळून झालेल्या विड्यांची तोंडं बंद करायचं काम माझ्याकडे. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आईचे हात थोडे जलद चालायला लागायचे. तोंडाने ती काही बोलायची नाही. भोंग्यानंतर किती वेळाने सायकल गल्लीत शिरते यावर त्या दिवशीची रात्र ठरायची. आमच्याकडे घड्याळ नव्हतं, मी विड्या मोजायची. सायकलच्या स्टँडचा आवाज एका दमात आला तर बरं. स्टँड दोन-तीनदा घसरला तर मी वह्या-पुस्तकं उचलून फळीवर ठेवायची आणि धाकट्याला मोरीकडच्या बाजूला झोपवायची. त्याला बाजूला घेतलं नाही तर तो रडायचा, आणि तो रडला की पुढचं सगळं बिघडायचं.

पगाराच्या दिवशी आई मला मुद्दाम वडलांच्या सायकलवर बसवून द्यायची. 'पोरीला पण न्या, तिला बांगड्या घ्यायच्यात.' बांगड्या वगैरे काही नसायच्या. पोरगी बरोबर असली की माणूस लवकर परततो, हा तिचा हिशेब. सायकल देशी दारूच्या दुकानासमोर लागायची. मी कॅरियरवर. दुकानाच्या दाराला अर्धा पडदा होता, मळकट निळा. त्याच्याखाली फक्त पाय दिसायचे. त्या सगळ्या पायांत वडलांच्या चपला कोणत्या ते मला माहीत होतं, उजव्या चपलेचा अंगठा वेगळ्या दोऱ्याने शिवलेला होता. तो पाय दाराकडे वळला की मी ताठ बसायची. कधी कधी आतून कुणी तरी फुटाण्याची पुडी आणून द्यायचं. फुटाणे मला आवडायचे. हे मुद्दाम सांगतेय. तुमच्या फिल्ममधलं पोर अशा वेळी फुटाणे खात नाही, ते आभाळाकडे बघतं.

असं दुकानाबाहेर बसणं जगभर चालतं हे मला फार उशिरा कळलं. 2005 च्या ऑस्करला काल्पनिक लघुपटांच्या पाच नामांकनांत दोन फिल्म अशा होत्या ज्यांत पोरं दारूच्या अड्ड्याबाहेर ताटकळत असतात. एक ब्रिटिश दिग्दर्शक अँड्रिया अर्नोल्ड यांची 'वास्प', तिलाच ते ऑस्कर मिळालं. दुसरी न्यूझीलंडच्या टायका वाईटीटी यांची 'टू कार्स, वन नाइट'. 'वास्प'मधली आई चार लेकरांना पबबाहेर सोडून आत जाते. ती फिल्म खरं तर आईच्याच बाजूने जास्त चालते, आणि तिचा राग येत असतानाच तिची कीवही येते. वाईटीटींच्या फिल्ममध्ये पोरं पबबाहेर दोन गाड्यांत बसलीत, आईबाप आत. आत काय चाललंय ते पोरंही बघत नाहीत आणि आपणही नाही. एका गाडीतली पोरं दुसऱ्या गाडीतल्या पोरीला चिडवतात, मग बोलतात, मग जरा दोस्ती होते. बस. मोठ्यांचा गोंधळ पडद्याआड राहिला म्हणून तो लहान होत नाही. कॅरियरवर बसलेल्या पोरीला तर नाहीच.

आणखी एक फिल्म सांगते, कारण ती पाहिली तेव्हा मला तो निळा पडदा आठवला. स्कॉटलंडच्या लिन रॅम्झी यांची 'गॅसमॅन'. नाताळची संध्याकाळ, घरात तयारीची घाई, आणि सुरुवातीला माणसं दिसतात ती बिनडोक्याची: कंबर, हात, बूट, गुंड्या लावणारी बोटं. पोरगा खेळण्यातल्या गाडीवर साखर ओततोय, त्याचं ते बर्फ. मग बाप त्याला आणि त्याच्या बहिणीला घेऊन रेल्वेच्या रुळांवरून चालत निघतो. वाटेत एक बाई भेटते आणि तिचीही दोन लेकरं त्यांच्याबरोबर देते. पुढे पार्टीत ती दुसरी पोरगी याच बापाला बाप म्हणते. बापाचं दुसरं घर आहे हे आपल्याला कुणी सांगत नाही. पोरीला कळतं तेवढंच आणि तेव्हाच आपल्याला कळतं. तिला त्यातलं काय कळतं? 'मांडी माझी आहे, त्यावर ती का बसली?' एवढंच. आठ वर्षांच्या पोरीला व्यभिचार हा शब्द येत नाही, मांडी येते.

तुमच्यातल्या पुष्कळांनी कॅमेरा खाली आणलाय. गुडघ्याच्या उंचीवर ठेवला की मुलाची नजर झाली असं तुम्हाला कुणी तरी वर्कशॉपमध्ये सांगितलेलं दिसतं. उंचीने थोडं काम होतं. पण कॅमेरा खाली ठेवून त्याच्यासमोर नवरा-बायकोचं अख्खं भांडण मुद्देसूद घालता, कर्ज किती, कुणाचं, सासूने काय केलं, सगळं. घरातलं भांडण मुलाला मधूनच ऐकू येतं. पहिलं वाक्य कधीच ऐकू येत नाही. आपल्या नावाचा उल्लेख झाला की कान टवकारतात. 'या पोरांमुळे' एवढंच नीट ऐकू येतं, आणि ते आयुष्यभर पुरतं.

इथे नागराज मंजुळेंच्या 'पावसाचा निबंध'चं नाव घ्यायलाच हवं. 65 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य गटातला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मंजुळेंना मिळाला आणि ध्वनीचाही पुरस्कार या फिल्मला मिळाला. गुरुजींनी पावसावर निबंध लिहून आणायला सांगितलाय. घरी जाताना तोच पाऊस कोसळतोय, बाप पिऊन पडलाय, त्याला घरी न्यायचंय, घर गळतंय. निबंध कधी लिहायचा? पोराची अडचण केवढी तर गृहपाठाएवढी, आणि त्या गृहपाठात सगळा संसार येऊन बसतो. मी मास्तरीण, त्यामुळे ही फिल्म बघून मला मंजुळेंपेक्षा माझ्या लाल पेनाची जास्त आठवण झाली. 'गृहपाठ अपूर्ण' असा शेरा मी किती वह्यांवर मारला असेल!

त्या फिल्मचं एक नुकसान झालं, त्यात मंजुळेंचा दोष नाही. तेव्हापासून प्रत्येकाच्या लघुपटात निबंध आला. 'माझे बाबा' हा निबंध पोर्‍याने बक्षीस समारंभात वाचायचा, खुर्चीत बसलेल्या बापाच्या डोळ्यांत पाणी. अरे, असा निबंध तो लिहीलच कसा? माझ्या वर्गातल्या ज्या पोरांच्या घरी खरोखर आग लागलेली असते, त्यांचे 'माझे बाबा' वाचा. 'माझे बाबा खूप चांगले आहेत. ते मला खाऊ आणतात. ते कधीच रागवत नाहीत.' सगळ्यात गोड निबंध त्यांचाच असतो. अक्षरही नीट काढलेलं. ते राखण करत असतात, निबंधातसुद्धा.

आता आमच्या गावात झालं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या कॉलेजची मुलं गावात शूटिंगला आली. कॉलेजचं नाव सांगत नाही, मुलं वाईट नव्हती. शाळेत येऊन म्हणाली, 'मॅडम, एक एक्स्प्रेसिव्ह मुलगा हवाय.' मी चौथीतल्या एकाकडे बोट दाखवलं. बडबड्या, नकला करणारा. ही माझी चूक, कारण त्याच्या घरी काय आहे ते मला माहीत होतं. वाटलं, दोन दिवस पोरगं मजा करील.

सीन असा होता: बाप पिऊन आलाय, आईवर हात उगारतो, पोरगा मध्ये येतो, हात जोडतो आणि म्हणतो, 'बाबा, मला खेळणी नकोत, नवीन कपडे नकोत, फक्त तुम्ही दारू सोडा.' हे वाक्य त्या पोराला बोलता येईना. पाठ नव्हतं असं नाही, त्याने आधीच्या दिवशी मला ते घडाघडा म्हणून दाखवलं होतं. तिथे उभं केलं की थांबायचा. सहा वेळा झालं, सात वेळा झालं. दिग्दर्शक घामाघूम. मी पाण्याची बाटली घेऊन गेले, त्याला बाजूला घेतलं. विचारलं, काय झालं रे? तर तो म्हणाला,

'बाई, असं कुठं कोण बोलतंय व्हय?'

'मग काय करतेत?'

'झोपायचं.'

'झोप येते?'

'झोपायचं नसतंय. झोपल्यावानी करायचं.' आणि मग, एखादी युक्ती शिकवावी तसं मला म्हणाला, 'डोळे घट्ट मिटायचे नसतेत बाई. घट्ट मिटलं की कळतंय. हलकेच मिटायचे.'

मी पाण्याची बाटली धरून तशीच उभी. मला तर ती युक्ती चाळीस वर्षांपूर्वीच येत होती. आणखी एक येत होती, ती मी त्याला सांगितली नाही: श्वास मोठ्याने घ्यायचा, पण मोजून.

मी दिग्दर्शक मुलाला म्हटलं, वाक्य काढून टाक, त्याला झोपू दे. तो विचारात पडला. खरंच पडला, पण मग त्याने स्क्रिप्टकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, 'मॅडम, मग मेसेज कुठे येणार?' पुढच्या टेकच्या आधी त्यांच्यातल्या एकाने पोराच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पोरगं ढसाढसा रडायला लागलं. कॅमेरा चालू होता. वाक्य रडत रडत आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय सांगितलं ते त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं: 'तुझी आई तुला सोडून चाललीय, बॅग भरली तिनं.' त्या मुलांना माहीत नव्हतं की त्याची आई त्याआधी एकदा खरंच बॅग भरून गेली होती. विचारलं असतं तर कळलं असतं.

त्या फिल्मला पुढे कुठेतरी 'उत्कृष्ट बालकलाकार' मिळालं म्हणे. स्मृतिचिन्ह कुरियरने शाळेत आलं. पोरगं खूश. माझ्या कपाटावर ते अजून आहे, कारण घरी नेलं तर फुटेल असं तोच म्हणाला.

परीक्षकांनो, हा भाग तुमच्यासाठी. 'मुलाने काय नैसर्गिक रडलंय' म्हणून तुम्ही गुण देता ना, तेव्हा ते कसं रडवलं हे एकदा विचारा. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 2017 च्या नियमांत कलाकार मुलांसाठी अटी आल्या. ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस. मिळकतीपैकी किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला कामाला लावायचं नाही, हेही त्याच नियमांत लिहिलंय. आमच्या गावात जे झालं त्यात यातलं एकही नव्हतं. मिळकत म्हणजे एक क्रिकेटची बॅट होती. कॉलेजच्या पोरांनी कलेक्टर कचेरीत खेटे घालावेत असं मला वाटतं का? थोडं वाटतं. निदान प्रवेशिकेत दोन ओळी मागा: सेटवर मुलाबरोबर कोण होतं आणि रडण्याचा सीन कसा केला. या दोन ओळी लिहायच्या आहेत हे माहीत असलं की कानात सांगणारा माणूस क्षणभर थांबेल.

शिवाय बऱ्याच वेळा रडणं लागतच नाही. घरात काही मोडलं की मूल रडण्यापेक्षा कामाला लागतं. हे तुमच्या फिल्ममध्ये मला जवळजवळ दिसलंच नाही. माझ्याकडे एक मुलगी दिवाळीनंतर, वर्ष अर्धं उलटल्यावर आली. आईने एका रात्रीत पुण्याचं घर सोडलं आणि लेकीला घेऊन माहेरी आली. शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, त्यामुळे बसवून घेतलं. आईबापाच्या घटस्फोटाबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. तिची अडचण होती स्कर्ट. जुन्या शाळेचा चौकड्यांचा स्कर्ट आणि आमच्या शाळेचा निळा. पोरी विचारायच्या, तुझा वेगळा का? ती म्हणायची, 'आम्ही पाहुणे आलोय.' जानेवारीत म्हणायची, फेब्रुवारीत म्हणायची. एप्रिलमध्ये एक दिवस निळा स्कर्ट घालून आली आणि त्या दिवशी बाकावर डोकं ठेवून बसली. मला तर तिथे अख्खा लघुपट दिसला होता. त्यात कोर्ट नको, वकील नको, दोन्ही बाजूंनी हात ओढणारे आईबाप तर नकोतच.

तसंच कर्जाचं. बचत गटाचा, मायक्रोफायनान्सचा हप्ता वसूल करायला माणूस येतो तो ठरलेल्या वारी, सकाळच्या वेळी. ज्या पोरांना दारात उभं करून 'आई घरी नाही' म्हणायला लावतात ती त्या दिवशी शाळेत उशिरा येतात. 'आई म्हणाली की आई घरी नाही' हा तुमचा-आमचा जुना विनोद. माझ्या वर्गात दोघं-तिघं तो विनोद दर आठवड्याला न चुकता पार पाडतात, आणि त्यांतला एक तर इतका सफाईने की वसुलीवाल्याने त्याला बिस्किटपुडा दिला होता. खोटं बोलल्याबद्दल मूल्यशिक्षणाच्या तासाला मी त्याला काय सांगायचं?

आणि बापाबद्दल. तुमचा दारुडा बाप सकाळपासून रात्रीपर्यंत दारुडाच असतो. माझे वडील रविवारी सकाळी मला खांद्यावर घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर न्यायचे. नक्कल करायचे, मुकादमाची, आणि आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. माझ्या वह्यांना कव्हरं तेच घालायचे, कडा अशा दुमडायचे की वर्षभर निघायच्या नाहीत. रात्री त्यांना घाबरणारी मी सकाळी त्यांच्याच मागे लागायची. अशा घरातल्या मुलाचा खरा पेच हाच असतो: आज कोणते बाबा घरी येतायत? राक्षस दाखवलात की पेच सुटतो, मूल राक्षसाला घाबरतं आणि प्रेक्षक राक्षसावर चिडतात, सोपं जातं सगळ्यांना. राष्ट्रीय पुरस्कारांत 'कौटुंबिक मूल्यां'वरच्या लघुपटासाठी वेगळा पुरस्कार बरीच वर्षं होता. त्याचं नाव ऐकलं की मला ती पुस्तकाची कव्हरं आठवतात आणि घसरणारा स्टँडही.

शेवटी मरणाऱ्या मुलांबद्दल एकच विनंती: मारू नका. बऱ्याच फिल्ममध्ये पोराचा मृत्यू बापाला सुधारण्यासाठी वापरलाय. बाप सुधारावा म्हणून पोराने मरायचं, ही कल्पना अशा घरातल्या मुलांच्या डोक्यात तुमच्या आधीच येऊन गेलेली असते. तिला पडद्यावर टाळ्या मिळालेल्या त्यांना दिसू नयेत.

पण त्यांना दिसतं कुठे? ही खरी गंमत. मुलांच्या नजरेतून केलेल्या या फिल्म बघतं कोण? सभागृहात मोठी माणसं. रुमाल काढतात, चहा पितात, घरी जातात. मुलांसाठी सिनेमा व्हावा म्हणून 1955 साली बाल चित्रपट समिती निघाली होती. 2022 मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मोठ्यांच्या घरात लहानांचं काय होतं ते मी रोज बघते, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. पण तुमच्या महोत्सवात एक खेळ मुलांसाठी ठेवता येईल ना? दहा-बारा मिनिटांची फिल्म. पाच मिनिटं शांतता. मग कुणी बोललं तर बोललं.

ठेवलात तर तयारीने ठेवा. एखादं मूल फिल्म बघून उठेल आणि म्हणेल, 'आमच्यात पण असंच आहे.' ते कोपऱ्यात येऊन म्हणेल, माइकवर नाही. तेव्हा ऐकून घेणारा कुणी तरी हवा, तोही मुलांशी बोलायची सवय असलेला. 1098 हा नंबर भिंतीवर मोठा लिहा. 1996 साली मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेली ही मुलांसाठीची हेल्पलाइन माझ्या वर्गातल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायम लिहिलेली असते, पुसायची नाही असा नियम आहे. आणि मुलाने सांगितलेली गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे, फिल्मवाला असो की मास्तरीण. 'आमचा काय संबंध' म्हणता येत नाही.

मी त्या महोत्सवाला माझे गुण पाठवले तेव्हा सगळ्यात जास्त गुण एका साडेसहा मिनिटांच्या फिल्मला दिले होते. ती पुढे निवडली गेली नाही. आवाज खराब होता, फ्रेम हलत होत्या, आणि 'विषय स्पष्ट होत नाही' असा इतरांचा शेरा. त्यात एक मुलगी संध्याकाळभर घरातले चमचे मोजत असते. आई माजघरात आहे, दिसत नाही. बाहेर कुणीतरी आलंय, दिसत नाही. मुलगी मोजते, चुकते, पुन्हा मोजते. शेवटी आई आतून म्हणते, 'झाले का गं?' आणि ती म्हणते, 'एक कमी आहे.' संपली. मला आजही कळलेलं नाही की त्या घरात नक्की काय झालं होतं. त्या मुलीलाही कळलं नसावं. ती फिल्म करणाऱ्याचं नाव मी लिहून ठेवलं नाही, याची चुटपुट आहे. हे पत्र वाचत असलास किंवा असलीस तर कळव.

आमची शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटचा तास मी मोकळा ठेवते. प्रोजेक्टर आहे, पडदा नाही, पण सहावीच्या वर्गाची भिंत नुकतीच चुन्याने रंगवलीय. खिडक्या पूर्वेला आहेत, उजेड फार येतो, तेवढं काळं कापड घेऊन या. आणि आधी एकदा मला एकटीला दाखवा, कारण त्या वर्गात तो मुलगाही बसेल. तो आता सहावीत आहे आणि अजून नकला करतो.

कळावे,
आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
जिल्हा सोलापूर